दशरथची बोटं

दशरथ साळवेला लोकांचं मराठी दुरुस्त करायची खोड होती. भाईंदर पूर्वेला निम्मा बाजार हिंदीत चालतो, पाव गुजरातीत आणि उरलेला हातवाऱ्यांवर. तिथे अशी खोड बाळगणं म्हणजे मिठागरात गुलाब लावणं. पण त्याने ती सोडली नाही. कुणी 'मी तुला बोललो' म्हटलं की तो म्हणे, "बोललो नव्हे, सांगितलं." कुणी 'माझी मदत कर' म्हटलं की, "मला मदत कर." इमारतीतली पोरं त्याला व्याकरणकाका म्हणायची. त्याची बायको आनंदी म्हणायची, "हिंगोलीहून पोतंभर शुद्ध मराठी आणलंय ह्यांनी. आमचे तांदूळ संपतात, ते काही संपत नाही."

गावाकडे दहावी झाल्यावर त्याला मास्तर व्हायचं होतं. झाला बफिंगवाला. चुलतभावाच्या ओळखीने स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात लागला तो तिथलाच झाला. फिरत्या चाकावर ताट दाबून धरायचं, वाटी धरायची, डब्याचं झाकण धरायचं. स्वतःचं तोंड त्यात लख्ख दिसलं की भांडं झालं, पुढचं घ्यायचं. संध्याकाळी घरी येताना त्याच्या पापण्यांवरसुद्धा करडी पूड असे. लहानपणी संघप्रियाला वाटायचं, आपले पप्पा कामावर जाऊन रोज म्हातारे होतात आणि आंघोळ करून परत तरुण होतात.

संघप्रिया ही त्यांची एकुलती एक. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. घराण्यातली पहिली, असं दशरथ सांगायचा नाही. तसं सांगितलं की दृष्ट लागते अशी त्याची समजूत होती, आणि आपल्या लोकांनी दृष्टबिष्ट मानायची नसते हेही त्याला माहीत होतं. म्हणून तो नुसता गप्प बसायचा.

आणखी एका गोष्टीबद्दल तो गप्प होता. चाकाच्या कंपाने त्याची बोटं मेली होती. आधी थंडीच्या सकाळी ती पांढरीफटक पडायची, मग मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. चहाचा पेला गरम आहे की गार, हे त्याला ओठाला लावल्यावर कळे. शेठला हे कळलं असतं तर त्याने मशिनीवरून उठवून स्टिकर चिकटवायला बसवलं असतं, आणि स्टिकर तर त्याला मुळीच चिकटवता आला नसता. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा त्याने टी-शर्ट घालायला सुरुवात केली. आनंदी म्हणाली, "पोरगी कॉलेजात जाते आणि बाप टी-शर्ट घालतो. उलटंच चाललंय आमच्यात." सगळे हसले. तोही हसला.

त्या दिवशी संघप्रियाचा शेवटचा पेपर होता. सकाळी निघताना तिने दह्याची वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाली, "पेपर झाला की रुचिताकडे जाणार. उशीर होईल. फोन करत बसू नका." रुचिता तिची कॉलेजातली मैत्रीण, मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहायची. घर गुजराती, पण पोरगी मराठी बोलायची. अर्थात दशरथच्या मते मोडकंतोडकं.

दुपार कलली होती. गाळ्यात चाकं फिरत होती, त्यामुळे फोन वाजलेला त्याला ऐकू आला नाही. कुणीतरी खांद्याला हात लावून दाखवला. तो बाहेर येऊन उभा राहिला.

"अंकल, रुचिता बोलतेय. संघप्रियाने ना... पेपर घेतला. आता तिला कसंतरी होतंय. तुम्ही या ना."

"दिला म्हणायचं, बाळ," दशरथ म्हणाला. तोंडातून ते आपोआपच गेलं, चुकलेल्या ताटाकडे हात जावा तसं. "पेपर विद्यार्थी देतो. घेतो तो मास्तर."

पलीकडून रुचिता म्हणाली, "हां अंकल. दिला. पण तुम्ही या लवकर."

रिक्षात बसल्यावर त्याला वाटलं, पेपर अवघड गेला असेल, रडत असेल. एवढंच.

रुचिताच्या घरी मोठी माणसं नव्हती. आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. संघप्रिया कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. एसी चालू असून तिच्या कपाळावर घाम डवरला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या, की डोळ्यांचा मूळचा तपकिरी रंग कुठे गेला असं त्याला वाटलं. गळ्याच्या खळगीत काहीतरी उडत होतं. लांबून दिसावं इतकं.

"पप्पा," ती म्हणाली, "ही भिंत श्वास घेतेय."

"घाबरू नको, बाई. मी आलोय."

तिने त्याचे हात बघितले. गाळ्यातून तो तसाच आला होता. "तुमचे हात किती चमकतायत," ती म्हणाली आणि हसली. ते हसू त्याच्या ओळखीचं नव्हतं.

रुचिता आणि तो, दोघांनी मिळून तिला खाली आणलं. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनी मनगट धरलं, प्रेशर बघितलं, छातीला वायर लावून ईसीजीची पट्टी काढली.

"ठोके फार जोरात आहेत. काही घेतलंय का हिने? गोळी वगैरे?"

"नाही हो डॉक्टर. सकाळी शेवटचा पेपर दिला. किती दिवस धड जेवली नाही की झोपली नाही."

रुचिता बाजूलाच उभी होती. ती खालच्या लाद्यांकडे बघत राहिली. दशरथने ते पाहिलं, पण परक्या पोरीच्या खाली बघण्याचा अर्थ लावायची ती वेळ नव्हती.

"एक्झाम स्ट्रेस," डॉक्टर म्हणाले. "सीझन आहे. रोज येतात." त्यांनी इंजेक्शन दिलं, ती झोपली. तिन्हीसांजेला ती जागी झाली तेव्हा बाहुल्या लहान झाल्या होत्या आणि बोलणं जाग्यावर आलं होतं. दशरथ तिला घरी घेऊन आला.

घरी आनंदीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. दशरथने त्या दिवशी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आडवी होईना. उशा रचून बसून राहिली. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणाली. संडासापर्यंत जाऊन आली तर धाप लागली. आनंदीने तिच्या पायाला हात लावला तर बोटाचा खळगा पडला. "उठा," ती दशरथला म्हणाली, "हे पेपरचं दुखणं नाही."

मोठ्या इस्पितळात संपदा नावाच्या हृदयाच्या डॉक्टर होत्या. वयाने संघप्रियापेक्षा फार मोठ्या वाटत नव्हत्या. छातीवर जेली लावून यंत्र फिरवताना त्या पडद्याकडे बघत होत्या. तसंच बघत त्यांनी विचारलं, "काय घेतलं होतंस?"

संघप्रियाने डोळे मिटले. "पेपर."

"शेवटचा होता, मॅडम," दशरथ पुढे झाला. "टीवायचा. सकाळी..."

"कुठे ठेवलास?" डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघताच विचारलं.

"जिभेखाली."

पेपर जिभेखाली ठेवतात, हे वाक्य दशरथने मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं, त्यातली चूक कुठे आहे ते शोधत. मग त्याला रुचिताचा आवाज आठवला. घेतला. पोरगी बरोबर बोलली होती. तिच्या मराठीत काहीएक चूक नव्हती. चूक दुरुस्त करणाऱ्याची होती.

बाहेरच्या बाकावर डॉक्टर संपदा दोघांना समजावून सांगत होत्या. नखाएवढा कागदाचा तुकडा असतो, त्यावर रसायन टाकलेलं असतं. पोरं त्यालाच पेपर म्हणतात. रंग दिसतात, भिंती हलतात, एवढंच त्यांना ठाऊक असतं. पण ते रसायन डोक्यात जातं तसं अंगातही जातं. ठोके वाढवतं, प्रेशर चढवतं, रक्तवाहिन्या आवळून धरतं. बहुतेकांचं उतरतं आणि ते विसरून जातात. एखाद्याचं हृदय झेपत नाही. "आणि एकाच्या नावाखाली दुसरंच विकतात. कागदावर नेमकं काय होतं, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हिने घेतलं ते हृदयाला जास्त वाईट असावं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे ॲटॅक?" आनंदीने विचारलं.

"नाही. हृदयाचा स्नायू थकलाय, सुजलाय. फुगा ढिला पडावा तसा. पंपिंग साठच्या आसपास हवं, हिचं पस्तीस आहे."

"वाढतं का ते?"

"पुष्कळांचं वाढतं."

"हिचं?"

"औषधं देऊ. तीन महिन्यांनी परत बघू."

दशरथ इतका वेळ हात मांडीखाली घालून बसला होता. त्याने विचारलं, "कालच कळलं असतं तर?"

"कालच दाखल करून लक्ष ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "फरक पडला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही."

त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. 'नाही' म्हटलं असतं तरी बरं. हे मधलं काही त्याला धरता येईना.

पोलीस येऊन काही विचारून गेले. रुचिता एकदा घरी आली. आनंदीने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. जाताना रुचिता दारात दशरथला म्हणाली, "अंकल, मी तुम्हाला सांगितलं होतं. मग तुम्ही तसं म्हणालात, तर मला वाटलं तसंच राहू दे."

"हो. तू बरोबर बोलली होतीस," दशरथ म्हणाला. त्यानंतर त्याने कुणाचं मराठी दुरुस्त केलं नाही. इमारतीतली पोरं मुद्दाम चुकीचं बोलून बघायची. व्याकरणकाका चपला घालून खाली उतरायचे.

घरात मीठ बंद झालं. पाणी मोजून. संघप्रिया म्हणाली, "खिडकीतून बघावं तिकडे मिठागरं, आणि आमची आमटी अळणी." आनंदीने ठरवलं की एकीला अळणी आणि दोघांना खारट असं ह्या घरात होणार नाही, सगळे अळणी खातील. दशरथ दुपारी गाळ्यात दुसऱ्यांच्या डब्यातलं लोणचं खायचा. एकदा संध्याकाळी संघप्रिया त्याच्याजवळ आली, हुंगलं आणि म्हणाली, "लिंबाचं की कैरीचं?"

"कैरीचं," त्याने कबूल केलं.

"उद्या तसेच या. वास तरी घेते."

एवढ्यावर हसण्यासारखी स्थिती होती. का घेतलंस, असं आनंदीने तिला नाना तऱ्हांनी विचारलं होतं. रडून, ओरडून, मायेने. उत्तर प्रत्येक वेळी एकच. "पेपर संपले म्हणून. सगळ्यांनी घेतला. एकदाच, मम्मी." बाकीचे सगळे दुसऱ्या दिवशी उठून सिनेमाला गेले होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक काम सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ नाडी बघायची. "अंगठ्याच्या मुळाशी, इथे. तीन बोटं ठेवा. आकडा बघाच, पण ताल जास्त बघा. टक, टक, टक आणि मध्येच एखादा ठोका गायब, असं व्हायला लागलं की मला लगेच सांगायचं."

"करोनातलं ते बोटाचं मशीन आहे आमच्याकडे," आनंदी म्हणाली.

"ते आकडा सांगतं. चुकलेला ठोका ते गिळून टाकतं. हातानेच बघा."

आनंदीने घरी आल्या आल्या बघितलं. तिने अंगठा टेकवला आणि स्वतःचीच नाडी मोजली. घाबरलेल्या आईची ती, धावतच होती. तिने गळा काढला. संघप्रियाने शांतपणे सांगितलं, "मम्मी, ती तुझी आहे." मग आनंदी म्हणाली, "माझ्याच्याने नाही व्हायचं. तुम्ही बघा. तुमचा हात स्थिर आहे."

दशरथचा हात स्थिर होता ही गोष्ट खरी. पंचवीसेक वर्षं फिरत्या चाकावर भांडं न हलवता धरलं होतं त्याने. त्याने संघप्रियाचं मनगट घेतलं, तीन बोटं टेकवली. काही नाही. थोडी सरकवली. काही नाही. दाबली. मनगट होतं हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून होतं. आनंदी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुरेसा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "ठीक आहे. एका लयीत आहे."

आनंदीने सुस्कारा सोडला आणि भाकरी टाकायला गेली. तो सुस्कारा ऐकल्यावर त्याला पुढे काही सांगता आलं नाही. आज नाही, उद्या सांगू. उद्याही तिने तसाच सुस्कारा सोडला.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तो कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचा. स्वतःचं मनगट चाचपायचा. मोबाइलवर नाडीचे व्हिडिओ बघायचा. एकदा मनात आलं, ती झोपलेली असताना छातीला कान लावावा, तान्ही असताना लावायचा तसा. पण ती आता बाईमाणूस होती. बापाने ते करायचं नसतं. तो दारापर्यंत जाऊन मागे फिरला. सकाळ-संध्याकाळ तो मनगट धरत राहिला आणि 'ठीक आहे' म्हणत राहिला. तिचा चेहरा, ओठांचा रंग, पायाची सूज, सगळं डोळ्यांनी बघून तो अंदाज बांधायचा. बहुतेक वेळा ती ठीकच होती.

दुसऱ्या तपासणीला पंपिंग बेचाळीस निघालं. आनंदीने इमारतीत बर्फी वाटली. डॉक्टर संपदा म्हणाल्या, "चांगलं आहे. पण अजून सावध राहा. कधी कधी ठोके ह्याच काळात बिघडतात."

त्यानंतरच्या एका सकाळी संघप्रिया न्हाणीतून बाहेर येता येता दाराशीच खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. आनंदीने तोंडावर पाणी मारलं, दशरथने उचलून रिक्षात घातलं. इस्पितळात छातीला वायर लावल्या. पडद्यावरची रेघ चालता चालता अडखळत होती, परत पळत होती. डॉक्टर संपदांनी औषध दिलं, बराच वेळ रेघेकडे बघत उभ्या राहिल्या, मग दशरथकडे वळल्या.

"हे आज सुरू झालेलं नाही. नाडीत लागलं असणार. तुम्ही बघत होता ना?"

"हेच बघत होते," आनंदीच म्हणाली. "रोज. एक दिवस चुकवला नाही."

दशरथने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, पोरं मास्तरांपुढे धरतात तसे. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं, त्याला नजर वळवायला सांगितली आणि एकेका बोटाच्या टोकाला टोचलं. "कळलं?" "नाही." "आता?" "नाही." आनंदीने त्याच्या टी-शर्टकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

संघप्रिया पलंगावरून बघत होती. दुपारी आनंदी चहा आणायला गेली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, दोन दिवस ठोका चुकत होता. मला आतून कळत होतं. मासळी उलटावी तसं व्हायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मम्मी बर्फी वाटून आली होती." ती छताकडे बघत होती. "आणि तुम्ही हात धरून 'ठीक आहे' म्हणायचात. मला वाटायचं, पप्पा म्हणतात म्हणजे मलाच भास होतोय. त्या दिवशीसारखा."

दशरथने तिचा हात हातात घेतला. घेतला हे त्याला दिसलं.

आठवड्याने घरी सोडलं. नवीन गोळी होती. ती नाही पुरली तर छातीत मशीन बसवावं लागेल, ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. नाडी आता संघप्रिया स्वतःच बघणार होती. दशरथने फक्त घड्याळ धरायचं.

सकाळी त्याने भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं. तिने उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली. आतून आनंदीच्या भाकरीचा आवाज यायचा थांबला होता.

"हं," दशरथ म्हणाला.

सेकंदकाटा फिरला. संघप्रियाचे ओठ हलत होते. मध्ये एकदा थांबल्यासारखे वाटले, का तिने आवंढा गिळला.

"झालं."

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

"चुकला कुठे?"

"नाही. एका लयीत आहे."

तिने बाही मनगटावर ओढून घेतली. दशरथने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ताटावर केसाएवढा ओरखडा असला तरी त्याच्या नजरेला सापडायचा. इथे काहीच सापडेना. आत आनंदीने सुस्कारा सोडला आणि भाकरी परत थापायला घेतली.

"बरं," तो म्हणाला.

तो घड्याळ परत टांगायला उठला. खिळा बोटांना लागेना. त्याने घड्याळ वर सरकवलं, खाली सरकवलं.

"पप्पा, जरा डावीकडे," संघप्रिया मागून म्हणाली. "अजून थोडं. हां. आता सोडा."